विश्लेषण : ‘वॉटर कूलिंग’शिवाय ओव्हरक्लॉक ग्राफिक्स कार्ड थंड कसे ठेवायचे? नाशिकच्या उन्हाळ्यात गणित का बिघडते?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक अंकी आकड्यावर येतो, नाशिककर स्वेटर बाहेर काढतात आणि शहरातील अनेक खोल्यांमध्ये संगणकाच्या ग्राफिक्स कार्डचा वेग थोडा वाढवून ठेवला जातो. गेम सुरळीत चालतो, व्हिडीओ लवकर रेंडर होतात, कार्डही फारसे तापत नाही. मग एप्रिल उजाडतो. तेच कार्ड, तीच सेटिंग. पण आता स्क्रीन मधेच काळी पडते, गेम बंद होतो किंवा दोन तासांचे रेंडरिंग शेवटच्या दहा मिनिटांत कोसळते.

गेमिंग करणाऱ्यांसाठी हा वैताग असतो. लग्नसराईच्या व्हिडीओ एडिटिंगवर घर चालवणाऱ्यांसाठी मात्र हा पोटाचा प्रश्न ठरतो, कारण कामाचा हंगाम आणि उकाड्याचा हंगाम एकच. अशा वेळी ‘वॉटर कूलिंग बसवा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो खर्च खरोखर आवश्यक आहे का? केवळ हवेवर हे काम भागू शकते का? समजून घेऊ.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

ग्राफिक्स कार्डवरील मुख्य चिप, म्हणजे जीपीयू, सेकंदाला ठरावीक वेळा ‘ठोके’ घेत काम करते. हा वेग मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा चिपला जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून किंवा एएमडीच्या कार्डसाठी त्यांच्या ‘अ‍ॅड्रेनालिन’ सॉफ्टवेअरमधून ते करता येते.

वेग वाढवला की चिपला स्थिर राहण्यासाठी अनेकदा थोडे जास्त व्होल्टेज लागते. खरी अडचण येथे आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज ५ टक्के वाढवले, तर ढोबळ हिशेबाने १.१ गुणिले १.०५ गुणिले १.०५, म्हणजे सुमारे २१ टक्के जास्त वीज लागते. ही सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. हातात येणारा वेग मात्र १० टक्के किंवा त्याहून कमीच असतो.

एप्रिलमध्येच कार्ड का ‘पडते’?

हवेवर थंड होणारे कार्ड खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहते. हा फरक लक्षात ठेवला की निम्मे कोडे सुटते. समजा, जानेवारीत खोलीत २० अंश सेल्सिअस आहे आणि पूर्ण ताणाखाली चिप ६५ अंशांवर आहे. फरक ४५ अंशांचा. पंखे आणि काम तेच ठेवले, तर एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांच्या खोलीत तीच चिप ८३ अंशांवर जाईल.

आता त्यात २१ टक्के जास्त उष्णता मिळवा. फरक ४५ वरून सुमारे ५४ अंशांवर जातो आणि चिप ९२ अंशांवर पोहोचते. एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ३०६०’ या लोकप्रिय कार्डसाठी दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, तर ‘आरटीएक्स ४०६०’साठी ९०. शिवाय अनेक कार्डे ८३ अंशांच्या आसपासच स्वतःहून वेग कमी करू लागतात. याला ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. म्हणजे वेग वाढवण्यासाठी केलेले ओव्हरक्लॉकिंग भर उन्हाळ्यात स्वतःच वेग कमी करायला लावते.

नाशिकची आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंची आणि उष्णता या दोन्हींमुळे हवा विरळ होते. समुद्रकिनारी २० अंशांना एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. नाशिकमध्ये ४० अंशांना ते सुमारे १.०५ किलोपर्यंत उतरते. पंखा तितकाच फिरतो, पण उष्णता वाहून नेणारी हवा साधारण १२-१३ टक्क्यांनी कमी असते. २०१९ च्या एप्रिलअखेरीस नाशिकचा पारा ४२ अंशांच्या पुढे गेला होता. अशा दिवसांचा विचार करूनच सेटिंग ठरवायला हवी.

पाण्याने प्रश्न सुटत नाही का?

वॉटर कूलिंगमध्ये चिपवरील उष्णता पाणी उचलते, पंप ते पाणी रेडिएटरपर्यंत नेतो आणि तेथे पंखे ती उष्णता हवेतच सोडतात. म्हणजे शेवटचा टप्पा हवेचाच. खोलीत ३८ अंश असतील, तर पाणीही त्याखाली जाऊ शकत नाही. खोलीत सोडली जाणारी उष्णताही तितकीच राहते. फायदा असतो तो मोठ्या रेडिएटरचा आणि कमी आवाजाचा. त्या बदल्यात पंप बिघडण्याची आणि गळतीची जोखीम येते. ग्राफिक्स कार्डसाठी तर त्या-त्या मॉडेलला बसणारा वेगळा ‘वॉटर ब्लॉक’ घ्यावा लागतो. कार्ड बदलले की तो बहुधा निरुपयोगी.

गंमत म्हणजे ‘हवेवरच्या’ कार्डातही थोडे पाणी असतेच. हीटसिंकमधील तांब्याच्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, आतून पोकळ व सीलबंद असतात आणि त्यात अगदी थोडे द्रव, बहुधा पाणीच, असते. चिपजवळ त्याची वाफ होते, ती नळीच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी बनते आणि आतील जाळीतून परत येते. माठातले पाणी बाष्पीभवनाने थंड होते, तेच तत्त्व येथे बंद नळीत वापरले आहे. हे थोडेसे पाणी किती महत्त्वाचे असते, ते जानेवारी २०२३ मध्ये दिसले. एएमडीच्या ‘आरएक्स ७९०० एक्सटीएक्स’ची काही कार्डे ११० अंशांपर्यंत तापत होती. मर्यादित संख्येतील कार्डांच्या ‘व्हेपर चेंबर’मध्ये पाणी कमी भरले गेल्याचे कंपनीने मान्य केले होते.

पुण्यातील महासंगणक काय सांगतो?

हवेवर जीपीयू थंड ठेवण्याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील ‘सी-डॅक’चा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक ‘टॉप ५००’ यादीत ६३ व्या क्रमांकावर होता. तो एनव्हिडियाच्या ‘डीजीएक्स ए१००’ या यंत्रांवर उभा आहे. अशा प्रत्येक यंत्रात आठ जीपीयू असतात, पूर्ण ताणाखाली ते सुमारे साडेसहा किलोवॉट वीज घेते आणि तरीही ते पंख्यांच्या हवेवर थंड होते. अट एकच : आत येणारी हवा ५ ते ३० अंशांदरम्यान हवी.

दुसरीकडे, पुण्याच्याच ‘आयसर’मधील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेणारी पद्धत वापरली आहे. दोन्ही मार्ग चालतात. घरच्या वापरासाठी पहिल्या यंत्राचा धडा कामाचा आहे : पंखे किती मोठे आहेत याआधी त्यांच्या तोंडाशी येणारी हवा किती थंड आहे, ते पाहा.

सुरुवात कोठून करावी?

आधी मोजमाप. ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘जीपीयू-झेड’ हे मोफत सॉफ्टवेअर सुरू ठेवून अर्धा तास नेहमीचा जड गेम किंवा रेंडर चालवावा. चिपचे सरासरी तापमान, ‘हॉटस्पॉट’, मेमरीचे तापमान (कार्ड दाखवत असेल तर), पंख्यांची गती आणि कॅबिनेटच्या तोंडाशी ठेवलेल्या साध्या थर्मामीटरवरील खोलीचे तापमान, असे पाच आकडे लिहून ठेवावेत. पुढचा प्रत्येक बदल एका वेळी एकच करावा आणि पुन्हा हेच आकडे घ्यावेत.

त्यानंतर कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान पाच अंश किंवा अधिक उतरले, तर दोष कार्डचा नसून कॅबिनेटमधील हवेच्या वाटेचा आहे. झाकण कायमचे उघडे ठेवणे हा मात्र उपाय नाही. धूळ थेट कार्डवर बसते आणि काही आठवड्यांत फायदा संपतो.

कॅबिनेटमधील हवा कशी खेळती ठेवावी?

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कांदाचाळ जमिनीपासून उंच उचललेली असते, तळाला आणि बाजूंना फटी असतात; थंड हवा खालून शिरते, गरम हवा वरून निघून जाते. कांद्याचा थर फार उंच रचला की मधला माल तापतो. कॅबिनेटचेही तसेच आहे. समोरून व खालून हवा आत, मागून व वरून बाहेर. पुढचा भाग बंद काचेचा असेल, तर आतले महागडे पंखेही गुदमरतात; तेथे जाळीचा पॅनल हवा.

किती हवा लागते, याचा हिशेबही सोपा आहे. संगणक ३०० वॉट उष्णता टाकत असेल आणि आतील हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर नाशिकच्या उन्हाळी हवेत मिनिटाला सुमारे ६० घनफूट हवा बाहेर काढावी लागते. १२० मिलिमीटरच्या अनेक पंख्यांच्या खोक्यावर जवळपास असाच आकडा छापलेला असतो, पण तो अडथळा नसतानाचा असतो. जाळी, फिल्टर आणि वायरी मधे आल्या की प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी होतो. म्हणून दोन पंखे आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा ही किमान रचना धरावी. आत येणारी हवा थोडी जास्त असली, की फटींमधून धूळ शिरत नाही.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे किमान वीतभर जागा सोडावी.

धुळीचे काय?

रस्त्यांची कामे आणि कोरडा वारा यामुळे उन्हाळ्यात शहरात धूळ भरपूर असते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये ती नमद्यासारखी बसते आणि हवा अडवते. डस्ट फिल्टर दर पंधरा दिवसांनी आणि कार्ड दर दोन-तीन महिन्यांनी साफ करावे. वीजजोडणी काढून, गॅलरीत नेऊन ब्लोअर वापरावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडल्यास पंखा प्रमाणाबाहेर वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. ओले फडके किंवा घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये.

पंखे कसे लावावेत?

अनेक कार्डांचे पंखे कमी तापमानाला पूर्ण बंद असतात आणि उशिरा वेग घेतात. कंपनीने आवाज कमी ठेवण्यासाठी ही सेटिंग दिलेली असते. आफ्टरबर्नरमध्ये ‘फॅन कर्व्ह’ बदलून ५० अंशांना ४० टक्के, ७० अंशांना ७० टक्के आणि ८० अंशांना ९० टक्के अशी चढण देता येते. वेग २० टक्क्यांनी वाढवला, तर हवा जवळपास तितकीच वाढते, आवाज मात्र सुमारे ४ डेसिबलने वाढतो. त्यामुळे पंखे कायम १०० टक्क्यांवर ठेवण्यात अर्थ नाही. आवाज आणि झीज वाढते, शेवटच्या टप्प्यात थंडावा थोडाच मिळतो.

सर्वांत मोठा फायदा कशात?

‘अंडरव्होल्टिंग’मध्ये. खर्च शून्य रुपये. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते, म्हणून कंपनी सर्वांत कमकुवत चिपही चालेल असे व्होल्टेज सर्वांना देते. बहुतेक कार्डांना तेवढ्याची गरज नसते. वेग तोच ठेवून व्होल्टेज ८ टक्के कमी केले, तर ०.९२ गुणिले ०.९२ या हिशेबाने वीज सुमारे १५ टक्क्यांनी कमी होते. वरच्या उदाहरणातील ४५ अंशांचा फरक ३८ वर येतो आणि ३८ अंशांच्या खोलीत चिप ९२ ऐवजी ७६ अंशांवर राहते.

हाच हिशेब वॉटमध्ये पाहू. १७० वॉटचे कार्ड ओव्हरक्लॉक केल्यावर सुमारे २०६ वॉट घेईल, अंडरव्होल्ट केल्यावर सुमारे १४४. रोज आठ तास रेंडरिंग करणाऱ्याला महिन्याला साधारण १५ युनिटचा फरक पडतो. शिवाय तितकी उष्णता खोलीत येत नाही.

पद्धत अशी : आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेज-वेगाचा आलेख उघडावा, हव्या असलेल्या वेगाचा बिंदू कमी व्होल्टेजवर आणावा, त्यापुढची रेघ सपाट करावी. मग किमान एक तास नेहमीचे काम चालवून पाहावे. स्क्रीनवर ठिपके दिसले किंवा गेम बंद पडला, तर व्होल्टेज एक पायरी वाढवावे. एवढे करायचे नसेल, तर ‘पॉवर लिमिट’ १०० वरून ८५ टक्क्यांवर आणावी. वेग थोडासाच उतरतो.

थर्मल पेस्ट बदलावी का?

चिप आणि हीटसिंक यांच्यामधील सूक्ष्म फटी भरण्याचे काम पेस्ट करते. हवेपेक्षा ती उष्णता शेकडो पटींनी चांगली वाहते, पण काही वर्षांत कोरडी पडते किंवा कडेला सरकते. हॉटस्पॉट आणि सरासरी तापमानात १०-१५ अंशांचा फरक नेहमीचा असतो. तो २५-३० च्या पुढे गेला, तर पेस्टची शंका घ्यावी.

कार्ड वॉरंटीत असेल, तर उघडण्याआधी नियम वाचावेत. उघडलेच, तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मेमरीवरील थर्मल पॅडची जाडी आधी मोजावी. एक मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड बसवला, तर हीटसिंक चिपला नीट टेकत नाही आणि तापमान उतरण्याऐवजी चढते. ‘लिक्विड मेटल’च्या वाटेला जाऊ नये, त्यातील गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खाते आणि थेंब सांडला तर शॉर्ट सर्किट होते.

‘आरटीएक्स ३०८०’ व ‘३०९०’सारख्या कार्डांवर मेमरीकडे विशेष लक्ष द्यावे. चिप ७० अंशांवर दिसत असतानाही मेमरी ११० अंशांजवळ पोहोचून कार्डचा वेग उतरवू शकते.

जुने कार्ड घेताना काय पाहावे?

इथेरियम या आभासी चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी पद्धत बदलल्यानंतर त्याचे जीपीयूवरील मायनिंग थांबले आणि वापरलेली असंख्य कार्डे बाजारात आली. त्यांतील काही अजूनही हात बदलत आहेत. असे कार्ड वाईटच असते असे नाही, पण पंखे झिजलेले आणि पॅड सुकलेले असू शकतात. विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण ताण देऊन हॉटस्पॉट व मेमरीचे तापमान पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कार्डचे मूळ पंखे खराब असतील, तर प्लास्टिकचे आवरण काढून हीटसिंकवर १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवता येतात. येथे द्राक्षाच्या प्री-कूलिंगचा नियम लागू होतो : थंड हवा पेटीच्या बाजूने निसटता कामा नये, ती पेटीच्या छिद्रांतून आत ओढली गेली पाहिजे. पंखा आणि पात्यांमधील फटी उष्णता सहन करणाऱ्या फोमने बंद केल्या, तरच फायदा होतो.

खोलीत कूलर लावला तर चालतो का?

नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात चालतो आणि चांगला चालतो. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना बाष्पीभवनाने हवा सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे २३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. वाळ्याच्या किंवा हनीकोम पॅडच्या कूलरने त्यातील ७० टक्के साधले, तरी कूलरमधून २८ अंशांची हवा मिळते. खोली जितके अंश उतरेल, साधारण तितकेच अंश कार्डही उतरते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. कूलर खिडकीत लावावा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवावे, म्हणजे दमट हवा साचत नाही. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये, कारण पाण्याचे तुषार क्षार घेऊन येतात. जुलैत हवा ओलसर झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा साधा एक्झॉस्ट फॅन बरा.

कोठे थांबावे?

जळका वास आला, वीज केबलचा कनेक्टर हाताला गरम लागला किंवा प्लास्टिक पिवळे पडले, तर संगणक लगेच बंद करावा. २०२२ च्या अखेरीस ‘आरटीएक्स ४०९०’ कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि केबल पूर्ण आत न बसवल्याने हे घडल्याचे एनव्हिडियाने म्हटले होते. ओव्हरक्लॉक केलेल्या कार्डात करंट वाढतो, म्हणून केबल पूर्ण बसली आहे का, घरातील अर्थिंग ठीक आहे का, हे आधी तपासावे.

राहिला प्रश्न ओव्हरक्लॉकिंग सोडून द्यायचे का, हा. त्याची गरज नाही. आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल साठवता येतात. एकात नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी वाढवलेला वेग ठेवावा, दुसऱ्यात मार्च ते जूनसाठी कमी व्होल्टेज. लग्नाचा अल्बम ज्या रात्री द्यायचा आहे, त्या रात्री दुसरे प्रोफाइल सुरू असेल, तर रेंडर पाच-दहा मिनिटे उशिरा संपेल, पण संपेल.